प्लेगला प्लेग म्हणणारे डॉक्टर : अकासिओ व्हिएगस

धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ एका डॉक्टरांचा पुतळा आहे. विरार गाडी गाठण्याच्या घाईत तुम्ही त्याच्यासमोरून अनेकदा गेला असाल. ते डॉ. अकासिओ व्हिएगस. फ्लूची मोठी साथ आली तर काय करायचे, असे रुग्ण मला विचारतात, तेव्हा त्यांची आठवण येते.

व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील हडफडे गावी झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८८० मध्ये ते डॉक्टर झाले आणि मुंबईत मांडवीला त्यांनी व्यवसाय सुरू केला. १८८८ मध्ये ते महापालिकेवर निवडून आले. तुमच्या गल्लीतला डॉक्टरच नगरसेवक असावा, तसे.

मांडवी म्हणजे बंदराला लागून धान्याची गोदामे आणि दाट वस्ती. १८९६ च्या पावसाळ्याअखेर तेथे माणसे जोराच्या तापाने मरू लागली. काखेत, जांघेत गाठी येत. सप्टेंबरमध्ये व्हिएगस यांनी रुग्ण तपासून गाठीच्या प्लेगचे निदान केले. ते बाहेर सांगणे सोपे नव्हते. प्लेगचे नाव निघाले की परदेशी बंदरे बोटी अडवणार, व्यापार बसणार, लोक पळणार. तरीही त्याच महिन्यात त्यांनी पालिकेच्या स्थायी समितीपुढे आजाराचे नाव स्पष्ट सांगितले. पुढे इतर तज्ज्ञांच्या तपासणीत ते निदान खरे ठरले.

लोक खरोखरच पळाले. काही महिन्यांत लाखोंनी मुंबई सोडली. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. माझ्या मते दोष फक्त त्यांचा नव्हता. आजारी माणसाला घरातून नेले जात होते, पण तेथे त्याचे काय होणार हे घरच्यांना पटेल अशा भाषेत सांगणारे कमी होते. अर्धवट कळले की उरलेली जागा अफवा भरते.

वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. व्हिएगस यांनी पुढे सुमारे १८ हजार लोकांना लस टोचल्याचे सांगतात. लोक ओळखीच्या डॉक्टरसमोर दंड पुढे करतात, हा आजचाही अनुभव आहे. १९०६ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच, जून १९१८ मध्ये, इन्फ्लुएंझाही मुंबईत बंदरातूनच शिरला. त्या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे गेली. प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. फ्लू खोकला, शिंका आणि श्वासातून. शिवाय लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून रुग्ण तो पसरवू शकतो. विरारच्या सकाळच्या गाडीत याचा अर्थ काय, ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून घरात किंवा चाळीत एकाच वेळी दोन-तीन जणांना ताप-खोकला असेल, तर डॉक्टरांना फक्त स्वतःचे नको, सगळ्यांचे सांगा. त्यावरूनच आम्हाला साथीचा अंदाज येतो आणि महापालिकेला कळवता येते. सोसायटीच्या ग्रुपवर एखादा निरोप आला तर तो महापालिकेचा किंवा आरोग्य खात्याचा आहे का, हे पाहूनच पुढे पाठवा. ज्येष्ठ, गरोदर स्त्रिया, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी दरवर्षीच्या फ्लूच्या लसीबद्दल विचारावे.

धाप लागणे, ओठ निळसर पडणे, छातीत दुखणे, गुंगी येणे, बाळाने दूध सोडणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. फ्लूवरचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर अधिक उपयोगी पडते, आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचे असते.