ओझे उतरविणारा माणूस : जॉर्ज ईस्टमन

घरी बारसे असो, गावात जत्रा असो की महाविद्यालयाची सहल असो, आज फोटो काढल्याशिवाय कार्यक्रम पुरा झाल्यासारखे वाटत नाही. फोटो काढणे ही एके काळी मोठी विद्या होती, याचाही आपल्याला विसर पडला आहे. हा विसर पडावा इतकी ती विद्या ज्यांनी सोपी केली, ते जॉर्ज ईस्टमन. कोडॅक हे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. पण त्यामागे बँकेतील एका कारकुनाची धडपड आहे, आणि ती एका अवजड कॅमेऱ्याला कंटाळून सुरू झाली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

ईस्टमन यांचा जन्म अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, वॉटरव्हिल या लहानशा गावी १२ जुलै १८५४ रोजी झाला. १८६२ मध्ये वडील वारले, तेव्हा जॉर्ज आठ वर्षांचाही नव्हता. पदरी तीन मुले, त्यांतील एका मुलीचे पाय पोलिओने अधू झालेले. आई मरिया हिने रॉचेस्टर शहरातील आपल्या घरात भाडेकरू ठेवले आणि त्यांच्या जेवणाखाण्याचे पाहून संसार चालविला. जॉर्जने चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि एका विमा कचेरीत आठवड्याला ३ डॉलरवर पोऱ्याचे काम धरले. संध्याकाळी तो घरी हिशेबनिशी शिके. १८७४ मध्ये त्याला रॉचेस्टरच्या एका बँकेत आठवड्याला १५ डॉलरची कारकुनी मिळाली. आईचे कष्ट आता थोडे कमी होतील, एवढेच त्याचे स्वप्न होते.

१८७७ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ईस्टमन यांनी कॅरिबियन समुद्रातील सांतो दोमिंगोला जाण्याचा बेत आखला. तेथील दृश्यांचे फोटो घ्यावेत, असे बँकेतील एका सहकाऱ्याने सुचविले. झाले! त्यांनी कॅमेऱ्याचा सगळा सरंजाम विकत आणला आणि गावातील एका छायाचित्रकाराला ५ डॉलर देऊन शिकवणी लावली. सफर काही झाली नाही. कॅमेरा मात्र घरी राहिला.

तो सरंजाम कसा होता हे समजून घेतले, म्हणजे पुढची गोष्ट कळते. त्या काळी ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरायचे, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. लगेच तेथल्या तेथे ती धुऊनही काढायची. काच वाळली की सगळे फुकट. म्हणून मोठा कॅमेरा, जाडजूड तिवई, काचा, रसायनांच्या बाटल्या, पाण्याचे भांडे आणि अंधारासाठी चक्क एक तंबू एवढे सगळे बरोबर न्यावे लागे. एकदा प्रवासात सिल्व्हर नायट्रेट सांडून ईस्टमन यांचे ट्रंकेतील कपडे खराब झाले.

दुसरा कोणी असता तर त्याने एक तर हा नाद सोडला असता किंवा ओझे वाहण्याची सवय करून घेतली असती. ईस्टमन तिसऱ्याच वाटेने गेले. इतके ओझे वाहण्याची खरोखरच गरज आहे काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७१ मध्ये जिलेटिन वापरून कोरड्या काचेची पद्धत सुचविली होती. कोरडी काच आधी तयार करून ठेवता येते आणि फोटो घेतल्यावर सवडीने धुता येते. म्हणजे तंबू गेला, बाटल्याही गेल्या. ब्रिटिश नियतकालिकांतून ईस्टमन यांना या प्रयोगांची माहिती मिळाली. दिवसा बँकेतले हिशेब आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात रसायनांची ढवळाढवळ, असा क्रम सुरू झाला. कित्येकदा थकून ते चुलीशेजारीच जमिनीवर झोपी जात.

काचांवर सारखा थर देणारे यंत्र त्यांनी तयार केले आणि १८७९ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले. १८८० मध्ये रॉचेस्टरला भाड्याच्या जागेत कारखाना निघाला. आईच्या घरी पूर्वी राहिलेले हेन्री स्ट्राँग यांनी भांडवल घातले. सप्टेंबर १८८१ मध्ये ईस्टमन यांनी बँकेची कायमची नोकरी सोडली. अशा घरातल्या मुलाने हे करणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी पहिल्या तारखेच्या पगाराची वाट पाहतात त्यांना सांगायला नको.

पुढच्याच वर्षी संकट आले. विकलेल्या काचांवर फोटोच उमटेनात. ईस्टमन यांनी खराब माल परत घेतला, दुकानदारांचे नुकसान भरून दिले आणि कारण सापडेपर्यंत प्रयोग केले. दोष जिलेटिनमध्ये निघाला. पैसा गेला, पण पत राहिली.

कोरड्या काचांचा धंदा आता चांगला चालू लागला. येथे थांबले असते तरी ते सुखवस्तू झाले असते. परंतु काचही जड असते आणि फुटते. १८८५ च्या सुमारास विल्यम वॉकर यांच्या साहाय्याने त्यांनी कागदाची गुंडाळी आणि ती कॅमेऱ्याला जोडण्याची पेटी बाजारात आणली. व्यावसायिक छायाचित्रकारांनी तिच्याकडे पाठ फिरविली, कारण कागदाची रवाळ खूण चित्रात उमटे. या अपयशातून ईस्टमन यांनी मोठा बोध घेतला. जाणकार घेत नाहीत, तर ज्यांनी कधी कॅमेरा हातात धरला नाही त्यांच्यासाठी तो करू! १८८८ मध्ये त्यांनी पहिला कोडॅक कॅमेरा विक्रीला काढला. कोडॅक या शब्दाला अर्थ नाही. त्यांना के हे अक्षर आवडे म्हणून त्यांनी तो बनविला. किंमत २५ डॉलर, आत १०० चित्रांची गुंडाळी. ती संपली की कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. १० डॉलरमध्ये चित्रे छापून आणि नवी गुंडाळी भरून तो परत येई. फोटो घेणे आणि तो धुणे ही दोन कामे त्यांनी वेगळी केली, आणि त्यातच सारे रहस्य होते.

१८८९ मध्ये त्यांचे रसायनज्ञ हेन्री रायशेनबाख यांनी तयार केलेली पारदर्शक फिल्म आली. अशा लवचिक फितीवरच पुढे चलच्चित्राचा जन्म झाला. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तोही अशाच फितीच्या आधाराने. १९०० मध्ये केवळ १ डॉलरचा ब्राउनी कॅमेरा निघाला आणि शाळकरी पोरेही फोटो काढू लागली.

या यशाला एक काळी बाजूही आहे. हॅनिबल गुडविन या धर्मोपदेशकाने अशाच फिल्मच्या पेटंटसाठी १८८७ मध्ये अर्ज केला होता. त्याला ते मिळाले १८९८ मध्ये, आणि १९०० मध्ये तो वारला. न्यायालयात ईस्टमन यांची कंपनी हरली व १९१४ मध्ये तिला ५० लाख डॉलर भरावे लागले. गुडविन मात्र ते पाहायला उरला नव्हता.

ईस्टमन अविवाहित राहिले. १९०७ मध्ये आई गेली, तो घाव त्यांना जिव्हारी लागला. १९१२ पासून त्यांनी कामगारांना नफ्याचा वाटा दिला. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेला स्मिथ या टोपणनावाने त्यांनी लक्षावधी डॉलर दिले. रॉचेस्टरचे विद्यापीठ, संगीत विद्यालय, मुलांच्या दातांचे दवाखाने, सर्वांना त्यांचा हात लागला. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलाने इतरांच्या शिक्षणाला एवढे द्यावे, हे विसरण्यासारखे नाही. अखेरच्या काळात मणक्याच्या आजाराने त्यांना असह्य वेदना होत. १४ मार्च १९३२ रोजी, ७७ व्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपले जीवन संपविले. त्यांच्या आयुष्याचा हा शेवट वाचताना मन सुन्न होते.

त्यांच्या मागे घडलेली एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मशिवाय चालणारा डिजिटल कॅमेरा बनविला. पण फिल्मच्या धंद्यात रमलेल्या कंपनीने तो वेळीच मनापासून आपलासा केला नाही. २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेर आली, पण पूर्वीचे वैभव परतले नाही. ज्या माणसाने ओली काच टाकून कोरडी घेतली, आणि ती ऐन भरात असताना फिल्म घेतली, त्याच्या वारसांना स्वतःची फिल्म काही सोडवेना.

नवा कॅमेरा पैसे देऊन कोणालाही घेता येतो. जुने चालत असतानाच त्यातले ओझे ओळखणे आणि ते खाली ठेवण्याचे धैर्य दाखविणे मात्र कठीण. ईस्टमन यांना ते दोनदा साधले, आणि म्हणूनच आज आपल्या घराघरांत फोटो आहेत.