लोणच्यापासून नोबेलपर्यंत

अमक्याची किडनी बदलली, असं आता तालुक्याच्या गावातही सहज कानावर येतं. समाजकार्याच्या निमित्तानं अशा घरांमध्ये माझं जाणं-येणं असतं. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचं नाव घरातल्या लहान पोरालाही पाठ असतं. साहजिकच आहे ते. पण नवी किडनी टिकते ती पुढे रोज घ्यायच्या गोळ्यांवर, आणि या गोळ्यांची वाट ज्यांनी पहिल्यांदा मोकळी केली त्यांत एक बाई होती, हे कितीजणींना ठाऊक आहे? मैत्रिणींनो, तिचं नाव गर्ट्रूड एलियन. घरचे तिला ट्रूडी म्हणत.

२३ जानेवारी १९१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिचा जन्म झाला. वडील दातांचे डॉक्टर, लिथुआनियातून आलेले. आईही लहानपणीच पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेली. ट्रूडी पंधरा वर्षांची असताना तिचे लाडके आजोबा पोटाच्या कॅन्सरनं गेले. त्यांचे हाल तिनं डोळ्यांनी पाहिले आणि तेव्हाच ठरवलं, की या रोगावर औषध शोधायचं. १९२९ च्या मंदीत वडिलांचा पैसा बुडाला होता. पण हंटर कॉलेजात मुलींना फी नव्हती, म्हणून शिकता आलं. १९३७ साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, ती रसायनशास्त्रात उत्तम गुणांनी पदवीधर झाली.

आणि मग सगळी दारं बंद! पुढच्या शिक्षणासाठी मदत मिळावी म्हणून तिनं पंधरा ठिकाणी अर्ज केले. पंधराही ठिकाणांहून नकार. एके ठिकाणी तर मुलाखत छान झाली, पण मुलगी प्रयोगशाळेत आली तर पुरुषांचं कामात लक्ष लागणार नाही, असं कारण मिळालं. (लक्ष त्यांचं उडणार आणि घरी बसायचं हिनं, हा न्याय मात्र सगळ्या देशांत सारखाच दिसतो.) तिनं नाइलाजानं सेक्रेटरीचा कोर्स धरला, नर्सेसना तीन महिने शिकवलं, एका प्रयोगशाळेत तर सुरुवातीला बिनपगारी राबली. पैसे साठवून न्यूयॉर्क विद्यापीठात प्रवेश घेतला. तिथल्या रसायनशास्त्राच्या वर्गात ती एकटीच मुलगी. दिवसा शाळेत शिकवायचं आणि रात्री-सुटीला प्रयोग करायचे, असं करत १९४१ मध्ये तिनं एम.एस्सी. पूर्ण केलं.

त्याच वर्षी तिचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं तो लिओनार्ड हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग होऊन गेला. काही वर्षांतच पेनिसिलिन सर्रास मिळू लागलं, त्यानं तो वाचू शकला असता. तिनं पुढे लग्न केलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, तेव्हा कुठे बायकांना नोकऱ्या मिळू लागल्या. ट्रूडीला मिळालेली नोकरी होती किराणा मालाच्या एका मोठ्या कंपनीत. काम काय, तर लोणच्याचा आंबटपणा मोजायचा, मेयोनेझमध्ये जाणाऱ्या अंड्याच्या बलकाचा रंग बघायचा! शिकण्यासारखं होतं ते शिकून झालं आणि तिनं ती नोकरी सोडली. १९४४ मध्ये बरोज वेलकम या औषध कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली ती रुजू झाली. हा माणूस मला आवडतो. तिला जेवढं शिकायचं होतं तेवढं त्यानं शिकू दिलं. रात्रीच्या वर्गांना जाऊन ती पीएच.डी.ही करत होती. पण तिथल्या डीननं नोकरी सोडून पूर्णवेळ या, नाहीतर पीएच.डी. विसरा, असं बजावलं. तिनं नोकरी ठेवली.

त्यांचं काम समजायला अवघड नाही. पेशीला वाढायचं तर आतली साखळी, म्हणजे डीएनए, नव्यानं बांधावी लागते. त्यासाठी प्यूरिन नावाच्या विटा लागतात. एलियनबाईंनी हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खोट्या विटा तयार केल्या. एका विटेत ऑक्सिजनच्या अणूच्या जागी गंधकाचा अणू बसवला, एवढाच फरक. भराभर वाढणारी पेशी फसून ती वीट उचलते आणि तिचं बांधकाम अडतं. हेच ते ६-मर्कॅप्टोप्यूरिन. रक्ताच्या कॅन्सरची मुलं तेव्हा काही महिन्यांतच दगावत. १९५३ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. सुरुवातीला मुलं बरी होऊन घरी जात आणि कालांतरानं आजार उलटे. त्याचं एलियनबाईंना फार लागे. पुढे इतर औषधांच्या जोडीनं ते दिल्यावर चित्र पालटलं.

आता किडनीकडे येऊ. बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी डिसेंबर १९५४ मध्ये एका भावाची किडनी दुसऱ्याला बसवली होती आणि ती चालली. पण ते होते एकसारखे जुळे. इतर कुणाची किडनी बसवली, की शरीरातल्या पांढऱ्या पेशी तिला परकी म्हणून ओळखत, त्यांची फौज वाढे आणि किडनी निकामी होई. हात कितीही कसबी असला तरी सर्जन इथे हतबल. पण फौज वाढते म्हणजे पेशी भराभर वाढतात, हो ना? मग खोट्या विटा तिथेही चालायला हव्यात! बोस्टनमधल्याच दोन डॉक्टरांनी सशांवर हे औषध वापरून दाखवलं, की प्रतिकारशक्ती तात्पुरती आवरता येते. ते वाचून रॉय कॅलन या तरुण इंग्रज सर्जननं कुत्र्यांवर प्रयोग केले. १९६० मध्ये बोस्टनला जाताना तो वाटेत हिचिंग्ज आणि एलियनबाईंना भेटला आणि याहून चांगलं काही आहे का, असं विचारलं. बाईंकडे ते होतं. मूळ औषधालाच त्यांनी असं वेष्टन घातलं होतं, की ते शरीरात गेल्यावरच उलगडावं. त्याचं नाव अझाथायोप्रिन. त्याच्या जोरावर बोस्टनमध्ये लॉलीपॉप नावाची कुत्री परक्या किडनीवर कित्येक महिने जगली. १९६२ मध्ये मरे यांनी नात्यागोत्यात नसलेल्या मृत माणसाची किडनी एका रुग्णाला बसवली आणि ती या औषधाच्या आधारानं वर्षाहून अधिक काळ चालली.

हा बदल केवढा मोठा, बघा. जुळा भाऊ असण्याची अट गेली. आपल्याकडे वेल्लोरला १९७१ मध्ये जिवंत दात्याच्या किडनीचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं. १९९४ च्या कायद्यानं मेंदूमृत व्यक्तीचे अवयव घेण्याची सोय झाली. आज महाराष्ट्रात प्रतीक्षायादी असते, रक्तगट आणि यादीतला क्रम पाहून कुणा अनोळखी माणसाची किडनी अनोळखी माणसाला मिळते. शरीराला आवरणारं औषधच नसतं तर ही यादी तरी कशाला लागली असती? तरी मेंदूमृतांचे अवयव आपल्याकडे फार थोडे मिळतात, म्हणून किडनी बहुतेक वेळा घरातूनच दिली जाते. देणाऱ्यांत बायको आणि आईच जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त. हे मी पाहते तेच देशभरचे आकडेही सांगतात, आणि ते मला खटकतं.

एलियनबाईंचं काम पुढेही चालूच राहिलं. गाऊटसाठी अॅलोप्यूरिनॉल, नागिणीवर आपले डॉक्टर देतात ते असायक्लोव्हिर, ही त्यांच्याच गटाची औषधं. १९६७ ते १९८३ त्या विभागप्रमुख होत्या. १९८८ मध्ये हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. मरे यांना ते त्यानंतर दोन वर्षांनी मिळालं! पीएच.डी. शेवटपर्यंत झाली नाही, सन्मानाच्या डॉक्टरेट मात्र पुष्कळ मिळाल्या. ऑपेरा ऐकायचा, जगभर हिंडायचं आणि फोटो काढायचे, हे त्यांचे छंद. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी त्या गेल्या.

१९८० नंतर सायक्लोस्पोरिन आणि पुढे टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट अशी अधिक प्रभावी औषधं आली आणि अझाथायोप्रिन मागे पडलं. पण किडनी बदललेल्या एखाद्या तरुण बाईला मूल हवं असेल, तर मायकोफेनोलेट पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतं. मग डॉक्टर दिवस राहण्याच्या आधीच काही आठवडे ते बंद करतात आणि त्याऐवजी सहसा एलियनबाईंची जुनी गोळी सुरू करतात. हा बदल डॉक्टरांनीच करायचा, आपण परस्पर एकही गोळी थांबवायची नाही.