असाध्य रुग्णांची सेविका : मदर मेरी अल्फोन्सा

अल्फोन्सा हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर केरळच्या संत अल्फोन्सा उभ्या राहतात. याच नावाची आणखी एक धर्मभगिनी अमेरिकेत होऊन गेली. तिची ओळख मात्र आपल्याकडे फारशी नाही. जगप्रसिद्ध कादंबरीकाराची ती कन्या. सुशिक्षित, सुसंस्कृत घरात वाढलेली. स्वतः कवयित्री व लेखिका. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तिने न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्तीत तीन खोल्या भाड्याने घेतल्या आणि ज्यांना रुग्णालयांनी परत पाठवले होते, त्या कर्करुग्णांच्या जखमा ती स्वतःच्या हातांनी धुऊ लागली. दि. १४ मार्च २०२४ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी तिच्या असामान्य सद्‌गुणांना मान्यता देणाऱ्या आदेशास संमती दिली आणि मदर मेरी अल्फोन्सा हॉथॉर्न ‘पूजनीय’ ठरल्या.

त्यांचे मूळ नाव रोझ. दि. २० मे १८५१ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लेनॉक्स या गावी त्यांचा जन्म झाला. वडील नथॅनिएल हॉथॉर्न ह्यांची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती. आई सोफिया ह्या चित्रकार होत्या. ऊना, ज्युलियन व रोझ या तीन भावंडांत रोझ सर्वांत धाकट्या. १८५३ साली वडिलांची इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे अमेरिकेचे वाणिज्यदूत म्हणून नेमणूक झाली आणि सारे कुटुंब तिकडे गेले. पुढे १८५८ व १८५९ या वर्षांत त्यांचे वास्तव्य इटलीत होते. प्रॉटेस्टंट घरातील या मुलीने रोमची देवालये व धर्मभगिनी त्या कोवळ्या वयात प्रथम पाहिल्या.

इंग्लंडमधील एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. नथॅनिएल हॉथॉर्न अनाथ व निराधारांचे एक आश्रयगृह पाहावयास गेले होते. तेथील एक रोगट, अंगावर फोड आलेले, पाहवणार नाही असे मूल त्यांच्यामागे फिरू लागले आणि आपल्याला उचलून घ्यावे म्हणून त्यांच्यासमोर उभे राहिले. हॉथॉर्न स्वभावाने अत्यंत संकोची होते. अनोळखी माणसाचा स्पर्शही त्यांना अवघड वाटे. तरीही त्यांनी त्या मुलाला उचलून घेतले. आपल्या पुस्तकात त्यांनी हा प्रसंग एका दुसऱ्याच गृहस्थाच्या नावावर घातला. तो गृहस्थ म्हणजे ते स्वतःच, हे त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या टिपणवह्यांवरून कळले. वडिलांनी लिहिलेल्या सर्व ओळींत रोझ ह्यांना या प्रसंगाच्या ओळी सर्वश्रेष्ठ वाटत.

दि. १९ मे १८६४ रोजी, रोझ ह्यांच्या तेराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, वडील वारले. १८७१ च्या फेब्रुवारीत लंडन येथे आईचेही निधन झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, अवघ्या वीस वर्षांच्या असताना, रोझ ह्यांचा विवाह जॉर्ज पार्सन्स लॅथ्रॉप या तरुण लेखकाशी झाला. १८७६ साली त्यांना फ्रान्सिस नावाचा मुलगा झाला. हा त्यांचा एकुलता एक मुलगा १८८१ साली, वयाच्या पाचव्या वर्षात, घटसर्पाने दगावला. त्या दुःखातून संसार पुन्हा सावरला नाही. जॉर्ज ह्यांचे मद्यपान वाढत गेले.

दि. १९ मार्च १८९१ रोजी, संत योसेफाच्या सणादिवशी, न्यूयॉर्क येथे पती-पत्नी दोघांचाही कॅथोलिक ख्रिस्तसभेत स्वीकार झाला. दोघांनी मिळून जॉर्जटाउन येथील व्हिजिटेशन मठाचा इतिहास लिहिला. तो १८९४ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु घरातील क्लेश संपले नाहीत. अखेर ख्रिस्तसभेच्या अनुमतीने रोझ पतीपासून विभक्त झाल्या. विवाहबंधन कायमच होते आणि जॉर्जसाठी त्यांची प्रार्थनाही अखंड चालू होती. चाळिशी ओलांडलेली, अपत्य गमावलेली, पतीपासून दुरावलेली ही स्त्री आता पुढे काय करणार, हा प्रश्न होता.

त्याचे उत्तर दोन स्त्रियांच्या मरणातून आले. पहिली होती त्यांची मैत्रीण एमा लाझारस. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याशी जिचे काव्य कायमचे जोडले गेले, ती ही कवयित्री. १८८७ साली, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, ती कर्करोगाने निवर्तली. तिचा आजार बहुधा हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींपासून उद्‌भवणारा लसिकाग्रंथींचा कर्करोग असावा, असे आज मानले जाते. एमा श्रीमंत घरातील होती. घरची माणसे, डॉक्टर, परिचारिका, सारे काही तिच्या उशाशी होते. दुसरी स्त्री होती शिवणकाम करून पोट भरणारी एक गरीब तरुणी. तिलाही कर्करोगच झाला होता. पैसे संपले, रुग्णालयाने बरे होण्याची आशा सोडली आणि तिला ईस्ट नदीतील ब्लॅकवेल्स बेटावरील अनाथ-निर्धनांच्या गृहात शेवटचे दिवस काढावे लागले. ही हकिगत रोझ ह्यांनी एका धर्मगुरूंकडून ऐकली. आजार एकच, मरणही एकच. एकीच्या वाट्याला प्रेमाची माणसे आली, तर दुसरीच्या वाट्याला परक्यांच्या गर्दीतील एकाकीपण. ही तफावत रोझ ह्यांच्या मनातून जाईना.

त्या काळची परिस्थिती समजून घेतली पाहिजे. कर्करोगावर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय होता. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये नुकताच लागला होता आणि कर्करोगावरील औषधोपचारांचे युग यावयास अजून जवळजवळ अर्धे शतक होते. रोग वाढला की गाठी फुटून जखमा होत. त्यांना असह्य दुर्गंधी येई. हा रोग संसर्गजन्य आहे अशी सर्वत्र भीती होती, त्यामुळे घरमालक, शेजारी, कधी कधी घरची माणसेदेखील रुग्णाला दूर ठेवीत. रुग्णालये बऱ्या होऊ शकणाऱ्यांसाठी होती. असाध्य ठरलेल्या गरिबाला तेथे जागा नव्हती.

१८९६ च्या उन्हाळ्यात रोझ ह्यांनी न्यूयॉर्क कॅन्सर हॉस्पिटलमध्ये सुमारे तीन महिने शुश्रूषेचे शिक्षण घेतले. हेच रुग्णालय पुढे मेमोरियल स्लोन केटरिंग या नावाने जगभर प्रसिद्ध झाले. जखमा स्वच्छ करणे, पट्ट्या बदलणे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न दुखवता कूस पालटून देणे ही कामे त्यांनी तेथे शिकून घेतली. सुखवस्तू घरात वाढलेल्या रोझ ह्यांना हे सोपे नव्हते. किळस त्यांनाही येई. ती दाबून नव्हे, तर रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी तिच्यावर मात केली.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत लोअर ईस्ट साइड भागातील स्कॅमल स्ट्रीटवर त्यांनी तीन खोल्या घेतल्या. दाटीवाटीची, परदेशांतून आलेल्या निर्धन कुटुंबांची ती वस्ती होती. आसपासच्या घरांत जाऊन त्या रुग्णांच्या पट्ट्या बदलीत. रुग्णालयात ओळख झालेल्या, चेहऱ्याच्या कर्करोगाने ग्रासलेल्या एका वृद्ध स्त्रीला तर त्यांनी आपल्याच घरी ठेवून घेतले. पैसा संपे तेव्हा त्या लेखणी हाती घेत. वर्तमानपत्रांतून त्यांनी केलेली आवाहने वाचून लोक मदत पाठवीत. वडिलांकडून आलेला लेखनाचा वारसा असा गरिबांच्या कामी आला.

डिसेंबर १८९७ मध्ये केंटकी राज्यातून आलेल्या ॲलिस ह्यूबर या तरुण चित्रकर्तीने त्यांचे काम पाहिले. आरंभी आठवड्यातून एक दुपार मदतीला येण्याचे तिने कबूल केले होते. काही महिन्यांतच ती कायमची राहावयास आली आणि अखेरपर्यंत रोझ ह्यांची सोबतीण झाली. एप्रिल १८९८ मध्ये जॉर्ज लॅथ्रॉप ह्यांचे रुग्णालयात निधन झाले. बातमी मिळताच रोझ धावत गेल्या, पण त्या पोहोचण्यापूर्वीच त्यांनी प्राण सोडला होता. शेकडो अनोळखी माणसांच्या मरणशय्येपाशी बसणाऱ्या या स्त्रीला स्वतःच्या पतीपाशी अखेरच्या क्षणी बसता आले नाही, हे शल्य किती खोल असेल, याची आपण कल्पनाच करावी.

१८९९ साली चेरी स्ट्रीटवर एक घर विकत घेण्यात आले. लिमाच्या संत रोझ ह्यांच्या नावाने ते ओळखले जाऊ लागले. डॉमिनिकन धर्मगुरू फादर क्लेमेंट थ्युएंट ह्यांनी तेथील सेवा पाहून या दोघींना संत डॉमिनिकच्या तृतीय संघात येण्याचे सुचविले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोघींचा त्या संघात प्रवेश झाला. पुढे न्यूयॉर्कचे आर्चबिशप मायकल कॉरिगन ह्यांच्या अनुमतीने दि. ८ डिसेंबर १९०० रोजी, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, दोघींनी धर्मवस्त्रे परिधान केली. रोझ ‘मदर मेरी अल्फोन्सा’ झाल्या आणि ॲलिस ‘सिस्टर मेरी रोझ’. असाध्य कर्करुग्णांना दिलासा देणाऱ्या सेविकांचा हा संघ आज ‘हॉथॉर्नच्या डॉमिनिकन भगिनी’ या नावाने ओळखला जातो.

संघाने काही नियम घालून घेतले. पहिला असा की रुग्ण असाध्य व निर्धन असावा. त्याचा धर्म विचारला जाणार नाही. दुसरा नियम पैशाचा. रुग्णाकडून, त्याच्या नातलगांकडून किंवा सरकारकडून एक पैसाही घ्यावयाचा नाही. दैवी तरतुदीवर व लोकांच्या दानावर सारे चालवावयाचे. पैसे देणारा आला की न देणाऱ्याची खाट हळूहळू दाराकडे सरकते, हे जगात सर्वत्र दिसते. तिसरा नियम असा की कोणत्याही रुग्णावर प्रयोग करावयाचा नाही. गरीब माणूस फुकट उपचार घेतो म्हणून त्याचे शरीर वैद्यकाच्या चाचणीचे साधन होत नाही. चौथा नियम सर्वांत कठीण. जखम कितीही भयानक असो, दुर्गंधी कितीही असह्य असो, भगिनीच्या चेहऱ्यावर किळस दिसता कामा नये. येणाऱ्याला अतिथीप्रमाणे वागवावयाचे, कारण त्याच्या रूपाने प्रत्यक्ष प्रभू येशू दाराशी आला आहे.

१९०१ साली न्यूयॉर्कच्या उत्तरेस, मोकळ्या हवेत, ‘रोझरी हिल’ हे दुसरे घर सुरू झाले. त्या गावाला पुढे हॉथॉर्न हेच नाव मिळाले. त्याच सुमारास मदर अल्फोन्सा ‘ख्राइस्ट्स पुअर’ नावाचे मासिक चालवू लागल्या. प्रख्यात लेखक मार्क ट्वेन हेही त्यांच्या कार्याच्या साहाय्यकर्त्यांपैकी एक होते. १९१२ साली शहरातील गृहासाठी जॅक्सन स्ट्रीटवर नवी इमारत उभी राहिली. १९२५ मध्ये, ज्या बोडिन महाविद्यालयात त्यांचे वडील शिकले होते, त्या महाविद्यालयाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. रोझरी हिलच्या जुन्या लाकडी घराला आगीचा धोका होता. अंथरुणातून उठू न शकणारे रुग्ण आग लागल्यास काय करतील, ही चिंता त्यांना अखेरपर्यंत होती. नव्या सुरक्षित इमारतीसाठी निधी जमवीत असतानाच दि. ९ जुलै १९२६ रोजी, वयाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी, झोपेतच त्यांनी देह ठेवला. तो त्यांच्या आईवडिलांच्या विवाहाचा वाढदिवस होता.

मदर रोझ ह्यूबर ह्यांनी १९४२ साली आपल्या मृत्यूपर्यंत संघाची धुरा वाहिली. २००३ साली मदर अल्फोन्सांना संतपद मिळावे म्हणून न्यूयॉर्क धर्मप्रांतात प्रक्रिया सुरू झाली. संघाने विनामूल्य सेवेचा नियम आजवर सोडलेला नाही.

मदर अल्फोन्सांनी एकाही रुग्णाचा कर्करोग बरा केला नाही. तसा त्यांचा दावाही नव्हता. त्यांच्या काळी ज्या रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कर्करोगांपुढे वैद्यक हतबल होते, त्यांतील अनेक आज बरे होतात, ही परमेश्वराची मोठी कृपा. तरीही आपल्या प्रत्येक धर्मग्रामात असे एखादे घर असतेच, जेथे डॉक्टरांनी आता घरी न्या असे सांगितलेले असते आणि त्यानंतर भेटावयास येणाऱ्यांची पावले हळूहळू कमी होऊ लागतात. काय बोलावे हे सुचत नाही, म्हणून माणसे जाण्याचे टाळतात. मदर अल्फोन्सांचे कार्य नेमके तेथून सुरू झाले. उपचार संपले म्हणजे शुश्रूषा संपली असे नव्हे. स्वच्छ चादर, ओल्या कापडाने पुसलेले ओठ, वेळेवर बदललेली पट्टी, हातात घेतलेला हात, उशाशी म्हटलेली रोझरी, एवढे तर कोणालाही करता येते. त्यासाठी त्यांना प्रथम तीनच खोल्या लागल्या होत्या. आपल्या शेजारच्या आजारी माणसासाठी एक दुपार देण्याची इच्छा आपल्या मनात उत्पन्न व्हावी, हीच मदर मेरी अल्फोन्सांच्या मध्यस्थीने प्रभुचरणी प्रार्थना.