खलाशांचे वैद्य जेम्स लिंड

ब्रिटिश आरमारातील वैद्य जेम्स लिंड यांचा जन्म १७१६ साली एडिंबरो येथे झाला. त्या काळी लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, भरलेल्या जखमा पुन्हा उघडत. हाच स्कर्व्ही रोग. १७४७ साली ‘सॉल्सबरी’ जहाजावर लिंड यांनी १२ रोगी निवडून दोघादोघांना सहा निरनिराळे उपाय दिले. संत्री व लिंबे खाणाऱ्या दोघांना सहा दिवसांतच उतार पडला.

याचे कारण विसाव्या शतकात उमगले. त्वचा, हाडे व रक्तवाहिन्या सांधून धरणाऱ्या संयोजी ऊतकातील पेशी कोलॅजेनचे चिवट धागे बनवतात. त्यासाठी क जीवनसत्त्व लागते.

आरमाराने लिंबाचा रस मंजूर केला तो १७९५ साली. लिंड आदल्याच वर्षी निवर्तले होते. आपले वाडवडील जहाजानेच या बेटावर आले. आपण तरी हे नाव विसरू नये.