रिचर्ड कॅरिंग्टन: फोटो नसलेल्या सौरस्फोटाचा साक्षीदार

मोठं सौरवादळ आलं की बातम्यांमध्ये कॅरिंग्टन इव्हेंट हे नाव हमखास येतं. जीपीएस, सॅटेलाइट आणि वीजपुरवठ्याला सूर्याकडून किती धोका होऊ शकतो, हे सांगायला आजही तेच उदाहरण देतात. हा कॅरिंग्टन कोण, ते थोडक्यात बघू.

रिचर्ड कॅरिंग्टनचा जन्म १८२६ मध्ये लंडनला झाला. वडिलांचा बिअर बनवण्याचा कारखाना होता. पोराने पाद्री व्हावं असं घरच्यांना वाटायचं, पण केंब्रिजला शिकताना त्याला खगोलशास्त्राची गोडी लागली. पुढे रेडहिल गावी त्याने स्वतःची वेधशाळा बांधली आणि नोव्हेंबर १८५३ पासून सूर्यावरच्या डागांची नोंद ठेवायला सुरुवात केली.

तो दुर्बिणीतून थेट सूर्याकडे बघत नसे. (तुम्हीही बघू नका, मोबाईलचा कॅमेराही तसाच रोखू नका.) दुर्बिणीतून येणारी सूर्याची सुमारे ११ इंची प्रतिमा तो पडद्यावर पाडायचा आणि प्रत्येक डागाची जागा मोजायचा. आभाळ स्वच्छ असेल त्या दिवशी हेच काम, अशी सात वर्षं! त्यातून कळलं की विषुववृत्ताजवळचे डाग साधारण २५ दिवसांत फेरी पूर्ण करतात, ध्रुवांच्या बाजूचे जास्त वेळ घेतात. म्हणजे सूर्य काही घट्ट गोळा नाही.

१ सप्टेंबर १८५९, सकाळी ११ वाजून १८ मिनिटं. डागांच्या एका मोठ्या समूहावर अचानक दोन झगझगीत ठिपके दिसले. साक्षीदार हवा म्हणून तो धावत गेला, मिनिटभरात परत आला, तोवर ते फिके पडलेले. पाच मिनिटांत खेळ खलास. फोटो नाही, हातात फक्त स्वतःचं रेखाटन. कोण विश्वास ठेवणार? नशीब असं, की रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकालाही तेच दिसलं होतं. क्यू वेधशाळेतल्या चुंबकमापकाच्या रेषेनेही त्याच वेळी झटका दाखवला होता.

साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं. ध्रुवीय प्रकाश पार कॅरिबियनपर्यंत दिसला. टेलिग्राफ ऑपरेटरना शॉक बसले, काही तारा तर बॅटरी काढल्यावरही चालल्या. तरीही एका घटनेवरून सूर्य आणि वादळाचं नातं पक्कं म्हणायला कॅरिंग्टन तयार नव्हता.

वडील १८५८ मध्येच वारले होते. कारखाना त्याच्या गळ्यात पडला, वेळ मिळेना आणि १८६१ मध्ये नोंदी थांबल्या. १८७५ मध्ये, पन्नाशीही गाठण्याआधी तो गेला.

त्याची मोजणी मात्र चालू आहे. सूर्याची सुमारे २७ दिवसांची प्रत्येक फेरी शास्त्रज्ञ आजही कॅरिंग्टन क्रमांकानेच मोजतात. पहिली फेरी नोव्हेंबर १८५३ ची. २०२५ मध्ये हा आकडा २३०० वर पोहोचला.