हाताने शिकलेले शास्त्रज्ञ : शंकर आबाजी भिसे

रेल्वेत यंत्रांशी रोजचा संबंध, म्हणून भिसे यांचे चरित्र मला जवळचे वाटते. त्यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. चौदाव्या वर्षी त्यांनी घरीच कोळशापासून गॅस तयार करण्याचे उपकरण बनवले. पुढे मुंबईत सायंटिफिक क्लब काढला, गाडीतल्या प्रवाशांसाठी स्थानकदर्शक यंत्र रचले. लंडनला जाऊन छपाईचे खिळे ओतणारे 'भिसोटाइप' यंत्र घडवले. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये ते निवर्तले.

माझ्या तिसरीतल्या मुलाने टॉर्च उघडून सेल आणि तारेने बल्ब लावला, तेव्हा पसाऱ्यावरून मी त्याला रागावलो होतो. चूक माझीच. मोहन नगरच्या बंधुभगिनींनो, बुद्धिदात्याच्या या उत्सवात मुलांच्या हाती सेल, तार, भिंग द्या; जवळ बसा, पण करू द्या.

गणपती बाप्पा मोरया!