धनुर्धारी बाहुला आणि न संपणारा दिवा

लाकडी चौथऱ्यावर बसलेला लहानसा बाहुला बाण उचलतो, प्रत्यंचेला लावतो, मान किंचित वळवून नेम धरतो आणि सोडतो. चारांतला एक बाण मात्र हमखास चुकतो. हे यंत्राचे वैगुण्य नव्हे, ती करणाऱ्याची करामत! नेम हुकला की पाहणारे हळहळतात आणि पुढच्या बाणाकडे डोळे लावून बसतात. पोटात नुसती स्प्रिंग, चक्रे आणि दोरे असलेल्या बाहुल्यासाठी माणसाला हळहळायला लावणारा हा कारागीर म्हणजे तनाका हिसाशिगे. जपानी यंत्रमानवांच्या वंशावळीत त्याचे नाव बरेच वर घ्यावे लागेल.

त्याचा जन्म १७९९ सालचा, क्युशू बेटावरच्या कुरुमे गावचा. वडील कासवाच्या पाठीच्या वस्तू घडवत. आठ-नऊ वर्षांच्या पोराने दौतीची पेटी केली, ती त्याच्याखेरीज कोणालाच उघडेना. पुढे पिढीजात धंदा धाकट्या भावावर सोपवून तो कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करत हिंडला.

मला मात्र त्याचे नंतरचे आयुष्य अधिक मोलाचे वाटते. १८३४ साली तो ओसाकाला आला. तीनच वर्षांनी तिथल्या बंडाच्या आगीत त्याचे घर गेले. त्या काळी रात्रीचा उजेड म्हणजे मिणमिणती पणती, तीही सारखी तेल मागणारी. हिसाशिगेने दिव्याच्या बुडाशी हवा दाबून भरली आणि तिच्या जोराने तेल आपोआप वातीपर्यंत चढवले. रात्री हिशेब लिहिणाऱ्या दुकानदाराला आणखी काय हवे? लोकांनी त्याला न संपणारा दिवा म्हटले.

मग घड्याळ. जुन्या जपानात दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग करत, म्हणजे दिनमान वाढले की दिवसाचा तास लांबणार आणि रात्रीचा आखडणार. पंचांग पाहणाऱ्या आपल्या घरांत हे वेगळे सांगायला नको. पाश्चात्त्य घड्याळ इथे निरुपयोगी. पन्नाशीच्या सुमारास हा गृहस्थ क्योतोत खगोलशास्त्र शिकायला शिष्य म्हणून बसला आणि १८५१ साली त्याने सहा तबकड्यांचे घड्याळ पुरे केले. ऋतूप्रमाणे तासांच्या खुणा आपणच सरकत, चंद्राच्या कला दिसत, आणि एकदा किल्ली दिली की वर्षभर चालावे असा बेत होता. २००४ साली इंजिनिअरांनी ते उघडले तेव्हा हजारावर भाग निघाले, चक्रांचे दाते हाताने कानशीने घासलेले.

१८५३ साली आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडी धावली. दोन वर्षांनी सागा संस्थानात हिसाशिगे आणि सहकाऱ्यांनी वाफेच्या इंजिनाची छोटी प्रतिकृती रुळांवर पळवली. १८६४ साली नागासाकीत त्याचा मुलगा आणि नातू दोघेही मारले गेले. पासष्टीच्या माणसाने यानंतर हत्यारे खाली ठेवली असती, तर कोण नाव ठेवणार होते?

त्याने ठेवली नाहीत. १८७३ साली तो तोक्योला गेला, तारायंत्रे बनवू लागला आणि १८७५ साली, पंचाहत्तरी गाठल्यावर, गिंझात त्याने दुकान थाटले. कोणीही यावे आणि हवे ते यंत्र बनवून घ्यावे, अशी तिथली जाहिरात! १८८१ साली तो वारला. त्याच्या वारसांचा कारखाना पुढे शिबाउराला गेला, १९३९ साली दुसऱ्या कंपनीत मिळाला, आणि आपल्या दिवाणखान्यातल्या टीव्हीवर जे नाव आपण वाचले ते तोशिबा तिथून आले. घड्याळ तोक्योच्या उएनो भागातल्या विज्ञान संग्रहालयात आहे.